पाच डबे

फ्राझियाच्या कबरीत मी तिच्याआधी झोपलो.

चांगला ऐसपैस आडवा पडलो, हात छातीवर घेतले, डोळे मिटले आणि वर उभ्या असलेल्या लोकांना ओरडून सांगितलं, "जागा झकास आहे! गार आहे! मी काही उठत नाही. म्हातारीला दुसरीकडे कुठं तरी न्या!"

वरून एक ढेकूळ येऊन पोटावर आपटलं. "ए हेहे, ऊठ! पाद्री थांबलेत!"

"कोंबडी द्या, मग उठतो."

"आधी ऊठ."

"आधी कोंबडी. आणि खुडूक नको, अंड्यावरची पाहिजे."

लोक हसायला लागले. हेच माझं काम. आम्ही हेहे, ते न्गोनी, दोन जमाती. आमच्या पणजोबांनी एकमेकांना भाल्यांनी भोसकलं, म्हणून आता आम्ही एकमेकांना जिभेनं भोसकतो. या नात्याला उतानी म्हणतात, आणि ते निभावणाऱ्याला म्तानी. न्गोन्याच्या घरात कुणी मेलं की हेह्यानं जायचं, खड्डा खणायला हात लावायचा, मेलेल्याचे कपडे अंगावर चढवायचे, त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं खोकायचं, त्याच्या सगळ्या खोडी चारचौघांत मांडायच्या आणि रडणाऱ्यांना हसवायचं. म्तानीवर कुणी रागवायचं नाही. आणि म्तानीनं रडायचं नाही. सगळ्या लिहुंबे गावात हेह्यांचं घर एकच, माझं. त्यामुळे वीस वर्षांत माझी ही कितवी कबर ते मला आठवत नाही. आठवते ती ही एकच.

फ्राझिया म्हणजे युफ्राझिया गामा. विधवा, साठीची, पायानं जरा फेंगडी, जिभेनं एकदम सरळ. माझी मक्याची गिरणी आहे, बाजाराच्या तोंडाशी. ती दर आठवड्याला कोंडा न्यायला यायची. इतर बायका कोंडा डुकराला नेतात, कोंबड्यांना नेतात. फ्राझिया न्यायची खड्ड्यासाठी.

त्याचं असं झालं. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी सरकारी चिठ्ठीवरचं खत आलं तेव्हा मक्याला तुरे फुटले होते. लोकांनी ती पोती घरात नेऊन ठेवली आणि नशिबाला शिव्या दिल्या. फ्राझियानं शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी कुणाची वाट बघणार नाही." आणि घरामागे कमरेएवढा खड्डा खणला. त्यात शेळ्यांच्या लेंड्या, चुलीची राख, माझा कोंडा, रस्त्याकडेच्या रानसूर्यफुलाचा पाला, अंडी-बटाटे तळणाऱ्या पोराकडची अंड्यांची टरफलं. आणि हाडं. खाटकाकडून हाडं आणायची, जाळायची, उखळात कुटून पीठ करायची. हाडांची पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारातून निघाली की मागे पाच-सहा कुत्री, मिरवणूक निघाल्यासारखी.

"काय गं न्गोनी," मी गिरणीतून ओरडायचो, "आज कुणाची हाडं? आजोबांना उकरलंस की काय?"

"तुझ्या आजोबांना शोधत होते रे. पण ते म्हणे आम्हाला बघून असे पळाले, की हाडंसुद्धा मागे ठेवली नाहीत."

"चूल पेटवायला लाकूड नाही आणि बाई हाडं जाळतीये!"

"तू मेलास ना, की तुझीही जाळीन. पिठानं भरलेली आहेत, माती चांगली होईल. आणि तुझी ही टोपी घालून तुझ्या मयताला नाचीन."

तिची ही ठरलेली धमकी होती. मीच आधी जाणार, आणि ती माझी पिठानं पांढरी झालेली टोपी घालून गिरणी चालवायची नक्कल करणार. तिनं ती नक्कल मला करूनही दाखवली होती. खोकल्यासकट. माझ्या बायकोला हसून हसून उचकी लागली होती.

तर त्या खड्ड्याला गाव म्हणायचं 'मसाला'. ओल्या पोत्यांनी झाकून, दर तीन-चार दिवसांनी उलथापालथ करून, तीन-चार आठवड्यांत तो मसाला तयार व्हायचा. काळा, भुसभुशीत, वास मात्र मातीचा, बाकी कसलाही नाही. आमच्याकडची माती लाल. दिसायला सुंदर, पोटाला नाही. फ्राझियाचं दीड एकर उतारावर, तिथे तर पावसानं सगळं कस धुऊन नेलेला.

बायकांचा एक गट होता, अकरा जणींचा. कांदिदा त्यांची पुढारी. त्यांच्याकडे शेतीवाले साहेब यायचे. ते म्हणाले, "फ्राझियाबाई, मसाला चांगला दिसतो, पण दिसण्यावर जाऊ नका. वीस ओळी मसाल्याच्या करा, शेजारी वीस ओळी बिनखताच्या. मोजून बघू." फ्राझियानं तसंच केलं. बाकीच्या शेताला कसंबसं मिळालेलं सरकारी खत घातलं आणि या दोन तुकड्यांच्या कडेला बांबूच्या खुंट्या ठोकल्या. मसाल्याच्या खुंटीला लाल चिंधी, दुसरीला पांढरी.

आता मी काय केलं ते सांगतो.

माझ्याकडे अर्धा डबा युरिया उरला होता. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये. आमच्याकडची प्रार्थना दोन तास चालते, गाणी असली तर अडीच. मी पोट धरून घरीच राहिलो. बायको गेली, पोरं गेली, मी खांद्यावर कुदळ आणि हातात डबा घेऊन फ्राझियाच्या शेतात. मका गुडघ्याएवढा झाला होता. लाल चिंधीच्या दहा ओळींच्या कडेनं बारीक चर पाडला, त्यात युरिया टाकला, वरून माती ओढली, पायांचे ठसे फांदीनं पुसले. पुढच्या रविवारी पुन्हा पोट दुखलं, उरलेल्या दहा ओळी केल्या. दोन्ही वेळा नंतर पाऊस झाला. इतका आनंद झाला होता मला, की शेतातून येताना मी एकटाच हसत होतो.

डाव असा होता: कापणीला सगळे जमतील, उलांझी येईल, बांबूची ती दारू पोटात गेली की बायका गाणी म्हणतील. तेव्हा मी उभा राहणार आणि म्हणणार, बायांनो, तुमचा मसाला म्हणजे माझा युरिया! फ्राझिया माझ्या मागे झाडू घेऊन धावणार. वर्षभर पुरेल एवढं हसू. बस्स. याच्यापुढे मी विचार केला नव्हता.

कापणी झाली. सोलून, झोडून, वाळवून मका मोजायला आणला. आमच्याकडे सगळं पत्र्याच्या चौकोनी डब्यानं मोजतात. आधी पांढऱ्या चिंधीचा. अडीच डबे. मग लाल चिंधीचा. एक, दोन, तीन. कांदिदा मोठ्यानं मोजत होती. पाच झाले तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. सात झाले तेव्हा टाळ्या थांबल्या. नववा डबा भरला तेव्हा सगळ्याजणी उठून ढिगाभोवती आल्या. साहेबांनी फोन काढून फोटो घेतला.

मी उभा राहिलो. उलांझीचा पेला हातात होता. तोंड उघडलं.

फ्राझिया मटकन खाली बसली. मक्याच्या ढिगात हात घालून बसली. आणि म्हणाली, "साठ वर्षं मला लोकांनी सांगितलं काय पेरायचं, किती घालायचं, कुठं उभं राहायचं. बापानं सांगितलं, मग नवऱ्यानं, मग साहेबांनी. हे एकच मी माझ्या डोक्यानं केलं." मग माझ्याकडे बघितलं. "आणि कोंडा या चोराचा. पहिला पेला याला द्या."

कुणीतरी माझा पेला पुन्हा भरला. मी प्यायलो आणि खाली बसलो. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. आठवड्याभरात अकरा जणींच्या घरामागे खड्डे झाले. बाजारात अंड्याची टरफलं मिळेनात. फ्राझियाची लेक गौदेन्सिया सोंगेयाला शिवणकाम करायची, तिनं मशीन विकलं आणि दोन पोरांना घेऊन आईकडे आली. "शहरात मी लोकांच्या विजारी शिवत बसते," ती मला म्हणाली, "इथं आईनं मातीतून नऊ डबे काढले. मी कशाला तिथं राहू?" गौदेही तोंडानं आईवर गेलेली. मला बघितलं की म्हणायची, "ए किहवेले, टोपी धू. आई म्हणते तू मेल्यावर तिच्या डोक्याला खाज सुटेल."

ऑगस्टमध्ये एकदा गिरणीवर गर्दी नव्हती. फ्राझिया कोंड्याचं पोतं बांधत होती. मी इंजिन बंद केलं.

"फ्राझिया, एक सांगायचंय. त्या लाल चिंधीच्या ओळींत मी युरिया टाकला होता. अर्धा डबा."

तिनं पोत्याची गाठ मारली. मग माझ्याकडे बघून एवढी हसली, एवढी हसली, की पोत्यावरच बसली. "जळतोस! हेहे जळतोय! उद्या म्हणशील पाऊसही तूच पाडलास!"

"अगं खरंच."

"हो, हो. आणि सूर्यसुद्धा तुझ्या गिरणीच्या पट्ट्यावर फिरतो." डोळे पुसत पुसत तिनं पोतं डोक्यावर घेतलं. दारातून वळून म्हणाली, "छान होती ही थट्टा. दिवस चांगला गेला."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. तिला दोन्ही हातांनी धरून बसवायला हवं होतं. मी इंजिन चालू केलं.

त्या वर्षी तिनं ठरवलं, सगळ्या दीड एकराला मसालाच. त्यासाठी खड्डे तीन केले. शेळ्यांच्या लेंड्या पुरेनात, म्हणून ओढ्यापलीकडच्या गोठ्यांवरून शेण आणायला लागली, बादलीनं, चढावरून. मी बघायचो. दिवसाला दहा-बारा बादल्या. "अगं ढकलगाडी घे," मी म्हणायचो. "तुझी बायको दे," ती म्हणायची. ऑक्टोबरच्या उन्हात, तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर, बादलीसकट ती पडली. बायकांनी खाटेवर घालून गाडीपर्यंत नेली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. डॉक्टर म्हणाले तर तसंच असेल. पण त्या बादल्या ती नऊ डब्यांसाठी वाहत होती, आणि नऊ डबे माझे होते.

तर मी कबरीत होतो. कोंबडी कबूल झाली. मी म्हटलं, "उठतो, पण आधी एक खरं सांगतो."

"हां, आलं याचं खरं!" कुणीतरी म्हणालं.

"हिचा मसाला खोटा होता. मी युरिया टाकला होता त्यात. अर्धा डबा. तुम्ही सगळे प्रार्थनेला गेला होता तेव्हा!"

असं हसू उसळलं की काठावरची माती माझ्या तोंडात आली. कांदिदा रडत रडत हसत होती. "अरे देवा, हा मेलेल्या बाईचं खतसुद्धा सोडत नाही!"

"खरं सांगतोय! पोट दुखत नव्हतं माझं!"

"तुझं पोट कधी दुखतं? तुझं तोंड दुखत नाही हेच आश्चर्य!"

जितकं ओरडलो तितकं हसले. पाद्रीसुद्धा मान खाली घालून हसले. मग मला हात धरून वर काढलं, आणि मी फ्राझियाचा खंगा, तिचं नेहमीचं छापील कापड, कमरेला गुंडाळला, तिचा रुमाल डोक्याला बांधला, तिची बादली घेतली आणि फेंगडा चाललो. तिच्यासारखा. चढावर थांबून कमरेवर हात ठेवून श्वास घेतला, तिच्यासारखा. तेव्हा हसणं थांबलं आणि बायकांनी हंबरडा फोडला. तेही माझंच काम. मी रडलो नाही.

पुरून झाल्यावर, घराच्या अंगणात, गौदे उभी राहिली. डोळे सुजलेले, पण ताठ. "आईचं काम अर्धं राहिलंय, ते मी पूर्ण करणार. दीड एकर सगळं मसाल्यावर. आमची खताची चिठ्ठी मी कालच शेजाऱ्यांना देऊन टाकली. आईला तिची गरज नव्हती, मलाही नाही."

सगळ्यांनी हुंकार भरला. मी तिच्या दोन पोरांकडे बघितलं. कोपऱ्यात बसून मक्याच्या पिठाची उगाली खात होती. वर्षभर ती त्या दीड एकरावर जगणार होती. जमीन उताराची, कस नसलेली. मसाल्याचा खरा हिशोब कुणालाच माहीत नव्हता. मलाही नाही. नऊ नाही, एवढंच मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी गेलो. लोक अजून येत होते, 'पोले, पोले' म्हणत, दुःख झालं म्हणत, मक्याची, घेवड्याची पोटली ठेवून जात होते. गौदे खड्ड्यावरची पोती उचलून बघत होती.

"काय रे किहवेले, कोंबडी खाल्लीस का? की कोंबडीनंच तुला खाल्लं?"

"गौदे, चिठ्ठी परत घे शेजाऱ्यांकडून."

"का? तुला पाहिजे? पुढच्या मयताला खत मागणार?"

"तुझ्या आईच्या ओळींत मी खरंच युरिया टाकला होता."

"झालं की ते मयताला. नवीन काही काढ."

"थट्टा नाही गं."

"म्तानी नेहमी हेच म्हणतो, थट्टा नाही." ती हसत होती. सुजलेल्या डोळ्यांनी, पण हसत होती, आईसारखी कमरेवर हात ठेवून. "सांग, आणखी काय टाकलंस? साखर? मीठ? तुझ्या आजोबांची हाडं?"

वीस वर्षं हे तोंड चालवून मी या गावात जगलो. कुणाला काय बोलल्यावर हसू येईल ते मला माणूस लांबून येताना दिसलं की कळतं. पण खरं कसं बोलायचं असतं, आवाज कुठं ठेवायचा असतो, ते मला येतच नव्हतं. "अर्धा डबा," मी म्हणालो. "दहा ओळी एका रविवारी. दहा दुसऱ्या." आणि तिथंच, खड्ड्याच्या काठावर, रडायला लागलो. पोरासारखा. नाकातोंडातून.

गौदेचं हसू लगेच गेलं नाही. तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ, आणि डोळ्यांतून आधी गेलं. म्तानी रडत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत. तिच्या बापाच्या मयताला मी त्याची काठी घेऊन नाचलो होतो, तेव्हा ती सात वर्षांची होती आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली होती.

"खरं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आईला माहीत होतं?"

"सांगितलं होतं. हसली."

गौदेनं हातातलं पोतं खड्ड्यावर परत टाकलं. मग विचारलं, "त्या नऊ डब्यांतले आईचे किती?"

"माहीत नाही."

"एकही नसेल?"

"असेल. नसेल. गौदे, मला माहीत नाही."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली, चेहरा धुऊन आली आणि हळू, स्पष्ट आवाजात म्हणाली, जणू मी कचेरीत बसलेला कुणी साहेब आहे, "बाबा किहवेले, तुमच्याकडे यंदा खताची चिठ्ठी आहे?"

"आहे."

"त्यावर आलेलं खत मला द्याल का? शेजाऱ्यांना दिलेलं मी परत मागणार नाही. ते घातलेल्या शेतावर माझी पोरं जगतील. आणि वीस ओळी मी मसाल्याच्या करीन, वीस बिनखताच्या. खुंट्या मी ठोकीन. तुम्ही माझ्या शेतात पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार."

"तुमच्या शब्दावर नाही. दर रविवारी तुम्ही प्रार्थनेला यायचं. माझ्या बाकावर, माझ्या शेजारी. शेवटच्या गाण्यापर्यंत."

त्या वर्षी खत वेळेवर आलं. मी सगळं पोतं तिच्या अंगणात टाकलं. माझ्या शेताला मी माझ्या बायकोच्या शिव्याच घातल्या. आणि डिसेंबरपासून दर रविवारी न्गोन्यांच्या मधोमध, गौदेन्सियाच्या डाव्या बाजूला बसलो. लोकांना ही नवी थट्टा वाटली. "हेह्याला देव सापडला!" "देवाला सांभाळा रे, खिसे तपासा!" मी दात काढायचो. गौदे पुढे बघत गायची. एकदाही तिनं मला टोमणा मारला नाही. मी हळूच म्हणालो, "आज पोट खरंच दुखतंय बघ." ती म्हणाली, "प्रार्थनेनंतर दवाखान्यात जा, बाबा." आणि पुस्तकाचं पान उलटलं.

तिनं अकरा जणींनाही सांगितलं. माझ्यासमोर, कांदिदाच्या अंगणात, एकेक शब्द करून. कांदिदा माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कबरीत खरं बोलत होतास तू?" बायकांनी खड्डे बुजवले नाहीत, पण सगळं शेत त्यावर सोडलंही नाही. एका बाईनं मात्र तिच्या मसाल्याला तिसऱ्याच आठवड्यात हात लावणं सोडलं. "फसवाफसवीची गोष्ट," म्हणाली. तो बोल तिनं फ्राझियाला लावला. मला नाही.

जूनच्या शेवटी गौदेनं मका गिरणीवर आणला. म्हणाली, इथंच मोजू, डबा तुमचा, सगळ्यांसमोर. आधी पांढरी चिंधी. अडीच डबे, त्यातही शेवटचा अर्धा जरा कमीच. मग लाल. कांदिदा मोजत होती. एक. दोन. तीन. मी इंजिनाला टेकून उभा होतो. चार. पोत्यात किती उरलंय ते बघायची हिंमत होईना. पाच. पाचवा काठोकाठ भरला, वर हातानं शीग लावली, आणि पोतं झटकलं. मूठभर दाणे पडले.

पाच. बिनखताच्या दुप्पट. नऊ नाही. युरियाएवढं नाही, त्याच्या जवळपासही नाही. पण राखेतून, हाडांतून, कोंड्यातून आणि पाल्यातून, एकाही चिठ्ठीशिवाय, दुप्पट.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका एकमेकींकडे बघत होत्या. साहेबांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "हे चांगलं आहे. हे खरंच चांगलं आहे."

मला ऐकू येत होतं ते वेगळंच. मागच्या वर्षी याच डब्यानं पाच मोजून झाले असते. बायकांनी पाचाला टाळ्या वाजवल्याच होत्या. फ्राझिया खाली बसली असती, ढिगात हात घातला असता, हेच एक मी माझ्या डोक्यानं केलं म्हणाली असती, आणि ते खरं असतं. तिनं शेतीला खत लागतंच म्हणून थोडं घातलं असतं, थोडा मसाला घातला असता. बादल्या एवढ्या वाहिल्या नसत्या. ती जिंकली होती. मी मधे पडून तिचं जिंकणं घेतलं आणि त्याच्या जागी दुसरं मोठं, खोटं ठेवलं, आणि ती ते घेऊन मातीत गेली.

"गौदे," मी म्हणालो, "पाच."

"हो."

"तिला..."

"तुम्हीच सांगा," गौदे म्हणाली. "तुमचं तिच्याशी बोलणं होतं." मग कोंड्याचं पोतं स्वतः बांधलं. मी म्हटलं, "राहू दे, मी पोचवतो." ती म्हणाली, "नको, उपकार झाले," आणि पोतं डोक्यावर घेऊन गेली. उपकार झाले! गामांच्या घरातली बाई, हेह्याला!

मी दुपारी गेलो. फ्राझियाच्या कबरीवर गौदेनं रानसूर्यफुलाच्या फांद्या लावल्या होत्या, त्यातल्या दोन जगल्या होत्या. मी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पीठ उडालं.

"ए न्गोनी," मी म्हटलं. "पाच निघाले. नऊ नव्हतेच. पाच. पण पाच सगळे तुझे."

आणि सवयीनं थांबलो. आमचं असंच चालायचं, मी एक टाकायचो आणि ती दुसरं फेकून मारायची. तुला मोजायला तरी येतं का रे, म्हणाली असती. किंवा, चारचे पाच केलेस ना, गिरणीवाल्या? मी डोक्यात तिच्यासाठी एक-दोन टोमणे तयारही केले. पण स्वतःच स्वतःला टोमणा मारण्यात काही मजा नसते.

टोपी मी तिथं फांदीला अडकवली. मग वाटलं, शेळ्या खातील. काढली, डोक्यावर घातली. खालून गिरणीवरून कुणीतरी हाक मारत होतं, दळण घेऊन थांबलं होतं, म्हणून उतरलो.